बाटलीवरचं गाव, गाठीवरचं गाव
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

बोरी नावाची गावं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. आमची बोरी म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातली बोरी अरब. कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारं गाव. फ्रेंच वाइनचा इथे काही संबंध असण्याचं कारण नाही. तरी एका हिवाळ्यात एक बाटली आमच्या ओसरीपर्यंत आली. माझा भाचा फ्रान्सला, तुलूज शहरात नोकरीला असतो. सुटीवर आला तेव्हा बॅगेतून कपड्यांत गुंडाळलेली बाटली काढून म्हणाला, ‘मामा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवला. ही प्यायला नाही, वाचायला आणली आहे.’

आधी एक खुलासा करतो. दारूनं आमच्या जिल्ह्यात किती घरं धुऊन नेली, हे मला कुणी सांगायला नको. इथल्या बायाबापड्यांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढलेत आणि ते योग्यच होते. तेव्हा हे भाषण पिण्याचं कौतुक करण्यासाठी नाही. शिवाय १९४९ च्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो. पिणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असतं. मी तो रीतसर काढला. मास्तरकीची खोड, दुसरं काय!

बाटली उघडली तेव्हा आम्ही तिघं होतो. मी, भाचा आणि शेजारचे एक वयस्क शेतकरी. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही म्हणतो. काचेचे पेले घरात नव्हते, म्हणून चहाच्या कपात ओतली. रंग पिकल्या जांभळाचा, इतका गडद की कपाचा तळ दिसेना. वासाला आधी काळी मिरी, मग वाळलेली मनुका आणि मागून रानतुळस चुरगळल्यासारखा उन्हाळी वास. भाचा म्हणाला, तिकडच्या टेकड्यांवर खुरटी सुगंधी झुडपं असतात, लोक म्हणतात तोच वास वाइनला लागतो. खरं-खोटं देव जाणे, पण वास होता. घोट तोंडात घेतला की जिभेवर वजन जाणवतं. वाइनचे जाणकार याला भरीव अंगाची वाइन म्हणतात. पाण्यासारखी घसरत नाही, काढ्यासारखी रेंगाळते. आपल्याकडे सहा रस सांगितलेत. त्यातला कषाय, म्हणजे तुरट, या वाइनमध्ये सर्वांत शेवटी येतो आणि सर्वांत उशिरा जातो. भाऊंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, ‘मास्तर, हे त हिरड्यावानी लागते बाप्पा!’ वाइनवरच्या पुस्तकांमध्ये याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. तो तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. आपल्या द्राक्षासवात वेलची-दालचिनी आणि गूळ असल्यामुळे तो झाकला जातो. इथे तो उघडा असतो. सोबत हिवाळ्यातलं वांग्याचं भरीत होतं, ते मात्र जमलं नाही. हिरव्या मिरचीवर ही वाइन पडली की तोंडात जाळ होतो.

आता वाचनाकडे येतो. लेबलवर द्राक्षाच्या जातीचं नाव नव्हतं. मोठ्या अक्षरांत एका मुलखाचं नाव होतं: मिनेर्वुआ. दक्षिण फ्रान्समध्ये, भूमध्य समुद्राच्या काठाशी लांगदोक नावाचा प्रांत आहे, त्यातला हा डोंगरपायथ्याचा पट्टा. इथली लाल वाइन एका जातीची नसते, मिश्रणाची असते. सिरा ही जात रंग आणि मिरीचा वास देते, ग्रनाश गोडवा आणि ऊब देते, कारिन्याँ आंबटपणा आणि तुरटपणा, मूर्वेद्र थोडा कातड्यासारखा गंध. कुठल्या जाती घ्यायच्या, कशाचं प्रमाण किती, एकरी पीक किती घ्यायचं, हे सगळं सरकारी नियमात लिहिलेलं असतं. म्हणजे गोड्या मसाल्यासारखाच प्रकार, फक्त इथे मसाल्याची कृती कायद्यानं ठरवलेली. भाचा हे सांगत होता तेव्हा भाऊंनी मध्येच विचारलं, ‘म्हंजे भेसळच ना?’

मी हसलो, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. मिश्रण कुठे संपतं आणि भेसळ कुठे सुरू होते, याच प्रश्नावर त्या मुलखात लाखो शेतकरी रस्त्यावर उतरले होते. आणि त्याच प्रश्नानं आमच्या वऱ्हाडच्या कापसाचंही बरंवाईट केलं. दोन्ही गोष्टी साधारण एकाच वेळी सुरू होतात.

१८६३ साल घ्या. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलेलंच होतं. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या भागातल्या कापसाला ‘उमरावती’ म्हणत, पुढे त्याचं नुसतं ‘उमरा’ झालं. त्याच १८६३ साली फ्रान्सच्या दक्षिणेत, रोन नदीजवळच्या पुजो गावी, द्राक्षाचे वेल काही दिसणारं कारण नसताना वाळू लागले. कारणही अमेरिकेतूनच आलेलं होतं. मुळांचा रस शोषणारी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड, फिलॉक्सेरा. आम्हाला अमेरिकेनं युद्ध करून पैसा दिला, त्यांना कीड पाठवून कंगाल केलं. इतिहास शिकवताना असे योगायोग पोरांना सांगितले की वर्ग जागा राहतो.

त्या आधीची हकीकतही सारखीच आहे. १८५७ मध्ये बोर्दो शहरापासून भूमध्य समुद्रावरच्या सेत बंदरापर्यंत रेल्वे झाली, पॅरिसच्या बाजूलाही रूळ गेले. तोपर्यंत लांगदोकच्या शेतात गहू होता, ऑलिव्ह होतं, मेंढरं होती. रेल्वे आल्यावर उत्तरेतल्या गिरण्यांच्या आणि खाणींच्या मजुरांना स्वस्त वाइन पोचवता येऊ लागली आणि सगळा सखल मुलूख एका पिकाखाली गेला. जात निवडली आरामों. पीक अफाट, रस पातळ, रंग फिका. आमच्याकडे १८६७ मध्ये मुंबईची गाडी नागपूरला पोचली. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ ही छोटी लाइन झाली, जिला लोक शकुंतला म्हणत. एका इंग्रज कंपनीनं ती बांधली ती आमच्या प्रवासाच्या सोयीसाठी नव्हे, कापसाच्या गाठी वाहण्यासाठी. ज्वारीच्या रानात कापूस आला. आणि कापसातही फेरबदल झाला. वऱ्हाडात बनी नावाचा मऊ, लांब धाग्याचा कापूस होता, पण त्याला उतारा कमी. त्याची जागा जरीनं घेतली. जरी ही मुळात एक जात नव्हेच, अनेक जातींची मिसळ. धागा आखूड आणि जाडाभरडा, पण पीक जास्त आणि रुईचा उतारा भरपूर. व्यापारी दोन्हींना जवळपास सारखाच भाव देणार असेल तर शेतकरी बनी कशाला पेरील? आरामों लावणाऱ्या फ्रेंच शेतकऱ्याचा हिशेबही हाच होता. दोघांनाही मी दोष देत नाही.

भाव चढला की भेसळ येते. कापसात सरकी, माती, पाणी, हलक्या मालाची मिसळ इतकी वाढली की मुंबई सरकारनं १८६३ मध्येच कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा केला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कॉटन कमिशनर नेमला गेला, हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाचा. त्याचे अहवाल कापसाच्या प्रतीच्या काळजीनं भरलेले आहेत. पण काळजी कुणाची? मँचेस्टरच्या गिरणीवाल्याची. पिकवणाऱ्याचं नाव, त्याचं गाव, त्याची पहिल्या वेच्याची स्वच्छ रुई वेगळी राहावी, अशी सोय त्या कायद्यात नव्हती. बोरीचा कापूस, दिग्रसचा कापूस, वणीचा कापूस जिनिंगच्या आवारात एका ढिगात पडला की त्याचं नाव एकच: उमरा. नाव बाजाराचं, गाव कुणाचंच नाही.

तिकडे फ्रान्समध्ये किडीनं हाहाकार केला. १८७५ मध्ये देशात सुमारे साडेआठ कोटी हेक्टोलिटर वाइन झाली होती, १८८९ मध्ये ती अडीच कोटींच्याही खाली आली. उपाय मोंपेलिए शहरातल्या प्लांशों या प्राध्यापकानं आणि त्याच्या सोबत्यांनी आधी कीड ओळखून आणि मग अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलाचं कलम करून काढला. कीड अमेरिकेची, खुंटही अमेरिकेचा. आज आपला नाशिक-सांगलीचा बागायतदार ‘डॉगरिज’ खुंटावर कलम करतो ना, तोही अमेरिकन कुळातलाच. पण बागा पुन्हा उभ्या राहायला वर्षं लागली आणि मधल्या काळात पिणाऱ्यांना काहीतरी द्यायचं होतं. मग भूमध्य समुद्राच्या पलीकडून मनुका आणून पाण्यात भिजवून वाइन केली गेली. पिळून झालेल्या चोथ्यावर साखर आणि पाणी घालून दुसरी, तिसरी धार काढली गेली. अल्जीरियात फ्रेंच वसाहतवाल्यांनी लावलेल्या बागांची काळीभोर वाइन येऊन मिसळली गेली. खऱ्या बागा पुन्हा बहरल्या तेव्हा बाजार आधीच या मालानं भरलेला होता. भाव कोसळले. शेतकऱ्याच्या घरात वाइन पिंपानं पडून आणि खिशात दमडी नाही.

११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए नावाच्या खेड्यातून ८७ शेतकरी नारबोन शहराकडे पायी निघाले. चौकशीसाठी आलेल्या संसदेच्या समितीला गाठायचं होतं. पुढारी मार्सेलां आल्बेर, पन्नाशी ओलांडलेला, थोडी बाग असलेला आणि गावात कॉफीचं दुकान चालवणारा माणूस. नाटकाचा शौकीन. समितीनं ऐकून घेतलं आणि काही झालं नाही. मग दर रविवारी सभा. ५ मे रोजी नारबोनला ऐंशी हजारांवर माणसं, पुढच्या रविवारी बेझिएला त्याहून अधिक, मग पेर्पिन्याँ, कार्कासोन, नीम. ९ जूनला मोंपेलिएत पाच लाखांहून जास्त, काही जण आठ लाख म्हणतात. मागणी साधी होती. खरी वाइन आणि खोटी वाइन वेगळी करा. नारबोनचे डॉक्टर-महापौर फेरूल यांनी नगरपालिकेवर काळं निशाण लावलं, शेकडो गावांच्या महापौरांनी राजीनामे दिले, लोकांनी कर भरणं थांबवलं. पंतप्रधान क्लेमांसो यांनी सैन्य पाठवलं. १९ आणि २० जूनला नारबोनमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. ते ऐकून सतराव्या पायदळ रेजिमेंटच्या शिपायांनी बंड केलं आणि शस्त्रं घेऊन ते बेझिएला चालत आले. ती पोरं त्याच मुलखातली, त्याच बागांमधली. बापावर गोळी कोण झाडणार?

आपल्याकडे त्याच १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली. टिळकांच्या बाजूनं आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे तिथे होते. वऱ्हाडात राजकारण तापलेलं होतं, पण त्यात कापसाच्या भावावरून लाखोंच्या सभा भरल्या नाहीत. त्या भरायला शरद जोशींची शेतकरी संघटना यावी लागली, आणखी सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी.

आल्बेरचं पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. अटक चुकवत तो पॅरिसला गेला आणि २३ जूनला थेट क्लेमांसोंपुढे उभा राहिला. क्लेमांसोंनी त्याला शांततेचं आवाहन करायला सांगून परत पाठवलं आणि गाडीभाड्यासाठी शंभर फ्रँकची नोट हातावर ठेवली. भोळ्या माणसानं ती घेतली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी पुढारी विकला गेल्याचा गाजावाजा केला. ज्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं, तेच त्याच्यावर थुंकले. १९२१ मध्ये आर्जेलिएतच तो गरिबीत वारला. माझ्या मते त्या चळवळीतला सर्वांत स्वच्छ माणूस तोच होता आणि सर्वांत कच्चाही.

पण कायदा झाला. २९ जून १९०७ च्या कायद्यानं प्रत्येक बागायतदाराला आपलं क्षेत्र आणि आपलं पीक गावच्या महापौर कचेरीत जाहीर करणं भाग पडलं. आपल्या सातबाऱ्यावर पीकपेरा असतो, तसंच काहीसं. यातली खुबी लक्षात घ्या. गावात किती द्राक्षं पिकली हे कागदावर आलं की त्या गावाच्या नावावर त्याहून जास्त वाइन विकता येत नाही. साखर-पाण्याची वाइन आकड्यात पकडली जाते. पुढे १९२३ मध्ये रोनकाठच्या शातोनफ-द्यु-पापच्या बागायतदारांनी, बॅरन ल रुआ या वकिलाच्या पुढाकारानं, स्वतःवरच नियम घालून घेतले: हद्द कुठली, जाती कुठल्या, पीक किती. १९३५ च्या कायद्यानं तीच रीत देशभर नेली. मिश्रण आणि भेसळ यांच्यातली रेघ इथे आखली गेली. पिकवणारा स्वतः, ठरलेल्या जातींतून, उघड नियमानं करतो ते मिश्रण. दुसरा कुणी मध्येच, लपवून करतो ती भेसळ. भाऊंना मी हेच सांगितलं.

म्हणून तिकडे सगळं आबादीआबाद झालं असं समजू नका. ज्या मुलखातून ८७ माणसं निघाली, त्या मिनेर्वुआला स्वतःच्या नावाचा हा मान १९८५ मध्ये मिळाला, म्हणजे मोर्चानंतर ७८ वर्षांनी. मधल्या काळात आरामों उपटून सिरा, ग्रनाश, मूर्वेद्र लावावी लागली. १९७६ च्या मार्चमध्ये मोंत्रदोंला पुन्हा गोळ्या चालल्या, एक शेतकरी आणि एक पोलीस अधिकारी ठार झाला. आता तर फ्रेंच माणूसच वाइन कमी पितो. २०२४ मध्ये फ्रेंच सरकारनं बाग कायमची उपटणाऱ्याला हेक्टरी ४,००० युरो देऊ केले. भाचा म्हणतो, तुलूजहून समुद्राकडे जाताना रस्त्याच्या कडेला उपटलेल्या खुंटांचे ढीग दिसतात. आपल्याकडे पऱ्हाटीचे ढीग दिसतात तसे.

महाराष्ट्रानं वाइनच्या बाबतीत हा धडा लवकर गिरवला. १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्रानं इंडाजची फेसाळ वाइन निघाली, २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशिकच्या बागांत शिराझ लागली. शिराझ म्हणजे आमच्या बाटलीतली सिराच. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पाव शतकात नाशिकचं नाव बाटलीवर आलं.

कापसाचं काय? १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी आली. व्यापाऱ्याऐवजी सरकारी ग्रेडर आला, पण ढीग तोच राहिला. केंद्रावर बंडीची रांग लावून दोन-दोन रात्री काढलेली माणसं बोरीत आहेत, भाऊ त्यातलेच. पहिल्या वेच्याचा कापूस त्यांनी वेगळा ठेवून नेला होता. मोजून झाल्यावर तो फरदडीच्या मालाशेजारी त्याच गंजीत पडला. २००२ नंतर बीटी बियाणं आलं. कुठल्या शेतात कुठली जात आहे, हे आता पाकिटावरच्या नावांच्या गर्दीत शेतकऱ्यालाही आठवत नाही. २०२० मध्ये भारतीय कापसाला ‘कस्तुरी’ असं नाव देण्यात आलं. प्रत तपासून गाठीला मागचा माग काढता येईल अशी खूण द्यायची, अशी कल्पना. कल्पना चांगली आहे. पण नाव अख्ख्या देशाचं आहे. उमरा हे निदान अमरावतीपुरतं तरी होतं.

हे सगळं बोलून झालं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. बाटलीत चार बोटं उरली होती. भाऊंनी बाटली हातात घेतली, लेबल दिव्यापाशी नेऊन न्याहाळलं आणि विचारलं, ‘यावर त्या मानसाच्या गावाचं नाव हाय काय?’ भाच्यानं खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. बागायतदाराचं नाव, गावाचं नाव, पिनकोड, आणि वाइन त्याच्या स्वतःच्या जागेत बाटलीत भरली असल्याचा उल्लेख. भाऊ बराच वेळ ती ओळ बघत राहिले. फ्रेंच त्यांना येत नाही, मलाही येत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरच्या मंडळींनी उरलेली वाइन मोरीत ओतली. बाटली भक्कम, बूडही खोलगट, म्हणून काकूंनी, म्हणजे भाऊंच्या घरच्यांनी, तीळतेल ठेवायला मागून नेली. लेबल निघत नव्हतं, तर रात्रभर पाण्यात भिजवून नखानं खरवडून काढलं.